लिफ्ट नसलेला किल्ला

मला जपानला नेण्यात आलं ते माझ्या गुणांमुळे नव्हे, तर आमची अक्का माझं ऐकते या एका गैरसमजामुळे. अक्का म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. ती सहासष्टची, मी एक्कावन्नचा. मी पाळण्यात असताना तिने मला जे गप्प केलं ते आजतागायत. पण हे तिच्या मुलाला, श्रीरंगला, कोणी सांगितलं नव्हतं. तो नागोयाला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, आणि इंजिनिअर माणसाला वाटतं की प्रत्येक यंत्राला कुठेतरी एक कळ असतेच. अक्काची कळ म्हणजे मामा, असं त्याचं निदान होतं.

प्रकरण असं होतं. साताऱ्याला अजिंक्यताऱ्याकडे जाणाऱ्या चढावर अक्काचं घर आहे. दोन खोल्या, वर माळा, मागे न्हाणीघर. भाऊजींनी आणि तिने पैसे साठतील तसतसं बांधलेलं. भाऊजी गेल्यापासून ती तिथे एकटी राहते आणि पुढच्या खोलीत शिवणाचा क्लास चालवते. मागल्या वर्षी न्हाणीघरात घसरून तिचं मनगट मोडलं. दाराला आतून कडी. शेजाऱ्यांच्या कानावर हाक जाऊन दार फोडेपर्यंत सकाळची दुपार झाली. मनगट जुळलं, पण श्रीरंगचा जीव काही थाऱ्यावर आला नाही. त्याने पुण्यात आमच्या घराजवळ पाचव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, साताऱ्याच्या घराला गिऱ्हाईक बघितलं, आणि राहता राहिला फक्त अक्काचा होकार. तोच तेवढा मिळत नव्हता.

"मामा, तुम्ही तिच्याबरोबर इकडे या," तो फोनवर म्हणाला. "तीन आठवडे राहा, जपान बघा, आणि बोलता बोलता तिला पटवा. तिकीट मी पाठवतो."

मी विचार करायला वेळ मागितला नाही. मुलीची बारावी असल्यामुळे आमची सौ. येणार नव्हती. बॅग भरताना ती एवढंच म्हणाली, "अक्कांना पटवायला चाललाय हे अक्कांना कळू देऊ नका. नाहीतर विमान उडायच्या आत तुम्हाला उतरवतील."

नागोया

नागोयाबद्दल आधीच सांगून ठेवतो, कॅलेंडरवर छापतात तो जपान इथे नाही. रुंद सरळ रस्ते, कारखाने, जमिनीखालची रेल्वे, आणि सगळं नुकतंच फडक्याने पुसून ठेवल्यासारखं. शहर महायुद्धात जळलं, मग नव्याने पट्टी लावून आखलं, ते आखलेलं अजून दिसतं. आम्ही गेलो तो शहाण्णव सालचा नोव्हेंबर. हवा महाबळेश्वरची, फक्त वर माकडं नाहीत.

श्रीरंगची बायको मेधा मूळची पुण्याची. जपानी शिकून ती आता एका बेकरीत 'आरुबाइतो' करते, म्हणजे अर्धवेळ नोकरी. पहिल्याच दिवशी मी मदत करायच्या उत्साहात केळ्याची सालं आणि दुधाचं खोकं एकाच पिशवीत घालून खाली ठेवून आलो. संध्याकाळी ती पिशवी, वर एक अत्यंत नम्र चिठ्ठी डकवलेली, जिन्यापाशी आमची वाट बघत बसली होती. ओला कचरा एका वारी, खोकी दुसऱ्या वारी, बाटल्या तिसऱ्या. मला हे कळेना, अक्काला मात्र फार पटलं. "आपले उपासाचे वार असतात तसे कचऱ्याचे," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून तो कारभार तिने स्वतःकडे घेतला. आठवड्याभरात खालच्या मजल्यावरच्या एक आजी आपली पिशवी अक्काला दाखवून मगच ठेवायला लागल्या. दोघींत भाषा एकही समान नव्हती.

माझी पहिली चढाई बुधवारी झाली. अक्का मेधाच्या पडद्यांना टीप घालत बसली होती.

"अक्का, लिफ्ट ही काय सोय आहे नाही?" मी म्हणालो. "गुडघ्यांना त्रास नाही."

"तुझे गुडघे दुखतात?"

"माझे नाही."

"मग कोणाचे?"

मी पडद्याच्या रंगाची तारीफ केली आणि चहा टाकायला आत गेलो. चढाई संपली.

शनिवारी श्रीरंगने आम्हाला नागोयाचा किल्ला दाखवायला नेलं. साताऱ्याच्या माणसाला किल्ला म्हटलं की आधी डोंगर दिसतो. आपल्याकडे किल्ला डोंगराला नेसवलेला असतो, तट म्हणजे त्याचा काठ. इथे सपाट जमिनीवर खंदक खणलाय, आतून दगडाचा चौथरा उभा केलाय आणि त्यावर पांढऱ्याशुभ्र भिंतींचा, एकावर एक छपरांचा वाडा बसवलाय. अगदी वरच्या छपराच्या दोन टोकांना सोन्याचे दोन मासे शेपट्या वर करून उभे. तोंड वाघाचं, अंग माशाचं. आग लागली तर हे पाणी ओकतात अशी समजूत. महायुद्धात किल्ल्याला आग लागली तेव्हा त्यांना काही ओकता आलं नाही, तेही किल्ल्याबरोबर जळाले. हे नवे.

चौथरा मात्र जुना आहे आणि बघत राहावा असा आहे. पायथ्याशी दगडांची भिंत ऐसपैस बाहेर पसरलेली, वर जाता जाता आत वळते आणि शेवटी सरळ उभी होते. शत्रू पहिले काही हात झपझप चढतो आणि मग त्याच्या लक्षात येतं की पुढे पाय ठेवायला जागाच नाही.

"आधी या या म्हणायचं, मग ढकलायचं," अक्का म्हणाली. तिला ती भिंत आवडली.

दरवाजाही तिने ओळखला. पहिल्या दारातून आत गेलं की समोर भिंत, मग काटकोनात वळून दुसरं दार. मधल्या चौकात शत्रू कोंडला की चहूबाजूंनी त्याचा समाचार. "आपला गोमुखी दरवाजा," ती म्हणाली, जणू यांनी तो आपल्याकडून उसना नेला होता. पुढे काही दगडांवर कोरलेल्या खुणा दिसल्या. वर्तुळं, बाण, कसलीशी अक्षरं. हा तट बांधायचं काम अनेक सरदारांना वाटून दिलं होतं. दगडांवरून मारामाऱ्या नकोत म्हणून प्रत्येकाने आपापल्या दगडावर खूण कोरली.

"लग्नात भांडी मिसळतात म्हणून आपण नावं घालून घेतो तसं," अक्का म्हणाली. तिने एका खुणेवरून बोट फिरवलं. "बायकांना विचारूनच केलं असेल."

मग आम्ही आत गेलो. आत ट्यूबलाइट, काचेची कपाटं, गुळगुळीत फरशी आणि लिफ्ट. लिफ्टमध्ये एका बाईचा गोड ध्वनिमुद्रित आवाज मजल्यामागून मजला सांगत होता. वर पोचल्यावर खिडकीतून सगळं नागोया दिसलं. अक्काने बघून घेतलं आणि मागे वळली.

"किल्ला कुठे आहे?"

"आई, आपण किल्ल्यातच आहोत."

"ही टोपी घातलेली जिल्हा परिषद आहे."

"मूळचा जळला ना," श्रीरंग म्हणाला. "मग हा काँक्रीटचा बांधला, आगीची भीती नको म्हणून. आणि लिफ्टमुळे म्हाताऱ्या माणसांनासुद्धा वर येता येतं."

म्हातारी माणसं हे शब्द उतरताना लिफ्टमध्ये आमच्याबरोबर होते. दार उघडल्यावर अक्काने विचारलं, "न जळलेला कुठे आहे?"

"इनुयामाला. इथून जवळच. पण तिथे लिफ्ट नाही."

"मी लिफ्टचं विचारलं नाही."

संध्याकाळी श्रीरंगने मला गॅलरीत बोलावून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर कारखान्यात नवं यंत्र बसवतानाची चमक होती. "मामा, तिला इनुयामाला नेऊच या. मी जाऊन आलोय. आतल्या शिड्या इतक्या उभ्या आहेत की आमच्या ऑफिसातली तरुण पोरं टरकतात. आई पहिली शिडी बघेल आणि स्वतःच म्हणेल, नको रे बाबा. मग खाली शांतपणे बसून मी घराचा विषय काढतो. आपल्याला काही बोलायला नकोच. प्रॅक्टिकल डेमो."

मला ही युक्ती अतिशय हुशारीची वाटली. त्याबद्दल मी त्याची पाठही थोपटली. किल्ले बाहेरच्या तोफांपेक्षा आतल्या फितुरांनी जास्त पडले असं आम्हाला शाळेत शिकवत. फितुराला जपानची तिकिटं मिळतात एवढं मात्र पुस्तकात नव्हतं.

इनुयामा

पुढच्या रविवारी निघालो. गाडी अर्ध्या तासात शहरातून बाहेर काढते. कापून झालेली भातखाचरं, मधूनच एखादं पर्सिमनचं झाड. पानं सगळी गळलेली आणि नुसती केशरी फळं लटकलेली. अक्का खिडकीला नाक लावून होती. "कोरेगावच्या बाजूला आल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. तिला कुठलंही बरं गाव कोरेगावच्या बाजूचंच वाटतं.

स्टेशनपासून किल्ल्यापर्यंत जुन्या लाकडी दुकानांचा रस्ता आहे. तिथे टोफूच्या, म्हणजे सोयाबीनच्या पनीरच्या, वड्या काडीला टोचून निखाऱ्यावर भाजतात आणि वर मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या गडद तांबड्या वाटणाचा, लेप देतात. त्याला देंगाकू म्हणतात. अक्काने एक काडी खाल्ली, दुसरी मागून घेतली आणि निकाल दिला, "आमटी आटवून तिला गूळ लावलाय. वाईट नाही." तिच्या पिशवीत थालीपिठं आणि लसणाची चटणी होती, ती तिने सोडू दिली नाही. शिदोरी गड बघून झाल्यावर खायची.

पुढे देवळांच्या शेंदरी कमानी, मग चढ, मग दगडी पायऱ्या, आणि एकदम समोर किल्ला. पहिल्यांदा मनात आलं, एवढाच? नागोयाच्या मानाने अगदी आटोपशीर. काळपट लाकूड, पांढरा चुना, छपरांचे तीन थर. चौथऱ्याचे दगडसुद्धा घडवलेले नाहीत, नदीतून किंवा डोंगरातून जसे मिळाले तसे रचलेले. पण हा तो खरा. जपानात आज उभ्या असलेल्या सगळ्यात जुन्या किल्ल्यांपैकी एक. मागच्या बाजूला कडा थेट किसो नदीत उतरतो, म्हणून पाठीकडून हल्ल्याची भीती नाही. ही अक्कल आपल्या किल्लेदारांना होती तशीच इथल्यांनाही होती.

आत शिरायची वाट चौथऱ्याच्या पोटातून आहे. दाराशी एक वयस्कर गृहस्थ प्रत्येकाला प्लास्टिकची पिशवी देत होते. चपला-बूट त्यात घालून हातात धरायचे. अक्काने पायऱ्यांपाशी थांबून वाकून पहिल्या पायरीला हात लावला आणि तो कपाळाला नेला. मागे दोन जपानी बायका होत्या. इथली ही पद्धत असावी अशा समजुतीने त्याही वाकल्या, पायरीला हात लावला आणि कपाळाला नेला. पिशव्यावाल्या गृहस्थांनी गोंधळून सगळ्यांना कमरेत वाकून नमस्कार केला.

"झालं," अक्का म्हणाली. "गडाच्या पायरीला हात लावला की वर जाऊनच यायचं. अर्ध्यातून फिरायचं नाही. आईचा नियम आहे, हो ना रे बाळू?"

बाळू मी. आईचा तसा नियम होता खरा. लहानपणी अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर रडून रडून मी तो पाळलेला आहे. मी श्रीरंगकडे बघितलं. तो हिशेबात धरायला विसरलेली गोष्ट शोधत असल्यासारखा पायरीकडे बघत होता.

पहिली शिडी आली. जिना आणि शिडी यांच्यामधलं ते काहीतरी आहे. एकेक पायरी गुडघ्याच्या उंचीची, लाकूड शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेलं, चढ असा की वरच्या माणसाच्या टाचा खालच्याच्या नाकासमोर. हेही मुद्दामच. चिलखत घातलेल्या शत्रूला एका वेळी एकच करून वर यावं लागलं पाहिजे, तेही डोकं पुढे करून.

"बघ आई," श्रीरंग फार मायेने म्हणाला. "हे असं आहे. तुला नको वाटत असेल तर आपण इथूनच—"

अक्काने मान वर करून शिडी वरपर्यंत बघितली. "माळ्याची शिडी आहे."

"आई, ही माळ्याची नव्हे, ही—"

"माझ्या माळ्याच्या शिडीला कठडा नाही. हिला आहे. सरक."

तिने पदर कमरेभोवती घेतला, निऱ्या वर खोचल्या. मग मोजे काढले. चपलेचा अंगठा जावा म्हणून मेधाने तिला अंगठ्याशी फाटा असलेले जपानी मोजे घेऊन दिले होते. "लाकडावर मोजे घसरतात," असं म्हणून तिने ते माझ्या हातात कोंबले आणि अनवाणी चढायला लागली. तिच्या मागे श्रीरंग दोन्ही हात झेलायच्या तयारीत धरून, त्याच्यामागे मेधा, शेवटी मी. मी शेवटी असण्यामागे विचार होता. सगळे घसरले तर माझ्यावर येऊन थांबतील असं मेधाचं म्हणणं होतं. प्रत्यक्षात माझं पोट पायऱ्यांना लागत होतं, एका हातात बुटांची पिशवी होती, दुसऱ्यात बहिणीचे मोजे, आणि वरच्या तुळईवर मी डोकं असं आपटलं की मागच्या रांगेतून हळहळ ऐकू आली.

पहिला मजला बघितला की कळतं, हे घर होतं आणि लढायचं यंत्रही. मजला चौकोनी नाही, चौथऱ्यासारखाच वाकडातिकडा आहे. जागा होती तसं बांधलं. मध्ये खोल्या आणि चारी बाजूंनी रुंद पडवी, शिपायांना धावता यावं म्हणून. धन्याची खोली जराशी उंच, आणि तिच्या मागच्या दारांआड अंगरक्षकांनी लपून बसायची खोली. पाहुणा गडबड करायला लागला की दारं उघडून हे बाहेर. एका कोपऱ्यात भिंत चौथऱ्याच्या बाहेर काढली आहे. तिथल्या फटीतून खाली चढणाऱ्यावर दगड टाकायचे.

अक्का तिथे बराच वेळ वाकून बघत होती. "असं एक मला हवं होतं दारावर."

"कशाला, आई?" मेधाने विचारलं.

"घर विकता का म्हणून विचारायला येतात त्यांच्यासाठी. मागल्या महिन्यात दोनदा येऊन गेला. म्हणाला, तुमच्या चिरंजीवांशी बोलणं झालंय."

श्रीरंगने माझ्याकडे बघितलं. मी तुळयांची बांधणी बघू लागलो. तुळया खरोखर बघण्यासारख्या आहेत, वाकडी झाडं वाकडीच ठेवून एकात एक अडकवलेली.

अक्का दुसऱ्या शिडीला लागलीसुद्धा होती. प्रत्येक मजल्यावर श्रीरंग विचारत होता, "दमलीस?" आणि ती म्हणत होती, "तू?" दम तिला लागला होता, खोटं कशाला लिहू. तिसऱ्या मजल्यावर ती एका खांबाला टेकून थोडा वेळ डोळे मिटून उभी राहिली. मेधाने पाण्याची बाटली पुढे केली, तर इथे पाणी सांडू नये म्हणून तिने ती परत दिली. "लाकूड आहे," ती म्हणाली. मग पुन्हा निघाली.

सगळ्यात वरच्या खोलीभोवती बाहेरून एक अरुंद सज्जा फिरतो. त्याची फळी पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून बाहेरच्या बाजूला किंचित कललेली, आणि कठडा माझ्या मांडीपर्यंत. पूर्वीची माणसं बुटकी होती असं म्हणतात. मला वाटतं शूर होती. मी दारातून एक पाऊल बाहेर टाकलं, खाली किसो नदी बघितली, पाऊल परत घेतलं आणि आतल्या खांबाला दोन्ही हातांनी धरलं. तिथून जेवढं दिसतं तेवढं सुंदर होतं.

अक्का सज्ज्यावरून चारी बाजूंनी फिरून आली. वाऱ्याने तिचे केस सुटले होते. नाक लाल झालं होतं.

"आत ये, आई," श्रीरंग म्हणाला. त्याचा आवाज जरा चढला होता.

"मला शिडी दाखवायला आणलं होतंस ना?"

तो खालच्या नदीकडे बघायला लागला.

"बघितली. चांगली आहे."

तेव्हा मेधाने, बहुधा विषय बदलावा म्हणून, भिंतीवर ओळीने लावलेल्या तसबिरी कोणाच्या असं विचारलं. श्रीरंगलाही विषय बदलायचाच होता. "मालकांच्या," तो म्हणाला. "हा किल्ला अजून खाजगी आहे. सरदारांच्या घराण्याचाच. मध्ये सरकारजमा झाला होता. मग शंभरेक वर्षांपूर्वी मोठा भूकंप होऊन ढासळला, तेव्हा सरकारने सांगितलं, दुरुस्त करत असाल तर तुमचा तुम्हाला परत—"

इथे तो थांबला. पण वाक्य बरंचसं झालं होतं.

"आणि त्यांनी केला," अक्का म्हणाली.

"केला."

"ढासळला म्हणून विकला नाही."

"ते सरदार होते, आई."

"माझं तर नुसतं मनगट मोडलं होतं. घराला काही झालेलं नाही."

उतरताना माझी अब्रू गेली ती थोडक्यात सांगतो. बाकीची मंडळी तिरकी तिरकी होत, समोर बघत उतरत होती. मी तसा एक पाय खाली सोडला, खालची पोकळी बघितली, आणि पुढचं काही सुचेना. वर रांग थांबली, खाली रांग थांबली. जपानी रांग कुरकुरत नाही, तिच्या शांततेनेच माणूस अर्धमेला होतो. अक्का खाली जाऊन पोचली होती. ती शिडीच्या तोंडाशी परत आली.

"बाळू, तोंड शिडीकडे कर. पाठ आमच्याकडे. माळ्यावरून उतरतोस तसं. आता उजवा पाय."

मी टाकला.

"तो डावा आहे. उजवा म्हणजे जेवायचा हात आहे त्या बाजूचा."

वरून एका जपानी गृहस्थांनी मला उद्देशून काहीतरी म्हटलं. "नेट लावा म्हणतायत," मेधाने खालून सांगितलं. तिचा आवाज हसू दाबल्याने चिरकत होता. प्रत्येक शिडीला अक्का आधी उतरून खाली उभी राहिली आणि मला पायरी पायरी करून उतरवून घेतलं. ज्या बहिणीला झेलायला मला विमानाने आणलं होतं, ती हात पसरून मला झेलायला उभी होती.

बाहेर अंगणात एका झाडाखाली बाक मिळाला. अक्काने थालीपिठं सोडली. श्रीरंगने हातातला तुकडा तसाच ठेवला.

"आई, तू चढलीस. उतरलीस. मान्य आहे मला," तो म्हणाला. "पण त्या दिवशी तू ओल्या फरशीवर पडून होतीस तेव्हा मी इथे ऑफिसात होतो. कोणीतरी काहीतरी बोललं म्हणून हसत होतो. मला संध्याकाळी कळलं. मी हसत होतो आणि तू तिथे हाका मारत होतीस. शिड्यांचं मला काही नाही. तो दिवस मला परत नको आहे."

अक्काने तोंडातला घास संपवला. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा त्याच्याकडे नीट वळून बसली.

"मलाही नको आहे," ती म्हणाली. "तू तिथे नव्हतास म्हणून मला त्या दिवशी रागही आला होता. मग?"

"मग म्हणून म्हणतो ना, पुण्याला—"

"थांब. त्या शिड्यांना कठडे कोणी लावले? सरदारांच्या वेळचे नाहीत ते. लाकूड नवं आहे."

"नंतर लावले असतील. लोक पडू नयेत म्हणून."

"शिडी काढून टाकली नाही. लिफ्ट घातली नाही. चढणाऱ्याला घरी बस म्हणाले नाहीत. कठडा लावला. माझ्या न्हाणीघराला तसा लाव. आतली कडी काढून टाक. शेजारच्या कुसुमने रोज सकाळी हाक मारायची आणि मी ओ द्यायची. मला आवडणार नाही, पण देईन. फोन घे म्हणालास, तो घेते. घर विकायचं नाही. मी पाचव्या मजल्यावर जाऊन बसणार नाही. आणि एवढं करून पडलेच, तर माझ्या घरात पडेन, श्री. लोकाच्या लिफ्टमध्ये नाही."

श्रीरंगने आपलं शेवटचं हत्यार काढलं. "मामा, तुम्ही बोला ना काहीतरी."

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडात थालीपीठ होतं, खिशात अक्काचे मोजे होते. तीन आठवड्यांच्या पाहुणचाराचं सार्थक करायची हीच वेळ होती.

"स्टीलचा घ्यावा," मी म्हणालो. "लाकडी फुगतो पाण्याने."

"तुमचं तिकीट मी काढलं होतं, मामा," श्रीरंग म्हणाला. पण त्याने थालीपिठाचा तुकडा उचलला आणि चटणीला लावला.

नागोया, आणि मग सातारा

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसातून लवकर आला आणि आम्हाला एका अवाढव्य दुकानात घेऊन गेला. जपान हा म्हाताऱ्यांचा देश होत चालला आहे, त्यामुळे कठडे तिथे आपल्याकडच्या साड्यांसारखे निवडून घेता येतात. सरळ, वाकडे, खडबडीत पकडीचे. श्रीरंग इंजिनिअर तो इंजिनिअरच. त्याने प्रत्येक कठडा हाताने पिळून बघितला, नमुन्याच्या भिंतीवर लावलेल्या एकाला सूट-टायसकट लोंबकळून बघितलं, आणि दुकानातला माणूस धावत आल्यावर त्याला कमरेत वाकून नमस्कार केला. अक्का लांबून बघत होती. "लहानपणी दाराच्या चौकटीला असाच लोंबकळायचा," ती मेधाला म्हणाली. ते तिने त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं आणि त्यानेही ऐकलं नाही असं दाखवलं.

मुंबईला कस्टमच्या साहेबांनी जपानहून टीव्ही, कॅमेरा, टेपरेकॉर्डर काही आणलं का असं विचारलं. मी स्टीलच्या दांड्या काढून दाखवल्या. त्यांनी त्या उलटसुलट केल्या, माझ्याकडे दयेने बघितलं आणि जा म्हणाले.

गवंडी बोलावून दांड्या बसवून घेतल्या, कडी काढली, गिऱ्हाइकाला नाही कळवलं. आमच्या शेजारचा तो पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट आता भाड्याने दिला आहे. मी पुण्याला परतलो तेव्हा सौ. म्हणाली, "पटवलंत?" मी म्हणालो, हो, दोघांपैकी एकाला.

संक्रांतीनंतर एकदा साताऱ्याला गेलो होतो. रविवार होता. अक्का क्लासच्या पोरींना बटणपट्टी शिकवत होती, एवढ्यात तिचा नवा फोन वाजला. मी घेतला. श्रीरंग.

"मामा, तिथेच आहात ते बरं झालं. खरं सांगा, न्हाणीघरात ती कठडा धरते का?"

"थांब, बघून येतो," मी म्हणालो आणि बघून आलो. "श्री, त्यावर टॉवेल वाळतोय. आणि दोन परकर."

पलीकडून तो एक उसासा टाकून म्हणाला, "मग कपड्यांसाठी वेगळा एक पाठवू का? म्हणजे तो तरी मोकळा राहील."

मी रिसीव्हरवर हात ठेवला आणि अक्काला विचारलं. तिने शिवणावरची नजर काढली नाही.

"पाठव म्हणावं," ती म्हणाली. "लांब बघून पाठव. साड्यांना जागा पुरत नाही."